डॅशबोर्डच्या कप्प्यातलं दप्तर

१९९८ सालच्या एका रविवारी माझे वडील घरी आले ते रुमालाचं गाठोडं घेऊन. सांगलीतल्या ज्या डॉक्टरांच्या गाडीवर ते ड्रायव्हर होते, त्यांनी त्या दिवशी आपली प्रीमियर पद्मिनी विकली होती. गाडी न्यायला आलेल्या माणसासमोर अण्णांनी डॅशबोर्डचा कप्पा रिकामा केला. आर.सी. बुक, विम्याचा कागद, टॅक्सच्या पावत्या आणि पी.यू.सी. एवढं नव्या मालकाच्या हातात दिलं. उरलेलं रुमालात बांधलं. घरी आल्यावर आईनं ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ओतलं आणि डबा माळ्यावर गेला.

अण्णा गेल्यावर दोन वर्षांनी घराला रंग काढताना तो डबा खाली आला. आत काय होतं त्याची यादी मी त्याच दिवशी केली होती. डिस्ट्रिब्युटरचे दोन जुने पॉइंट, एक कंडेन्सर, कागदात गुंडाळलेला प्लग, चिनी मातीचे तीन फ्यूज, सिगरेटच्या पाकिटातली चांदी, अर्धं ब्लेड, अंगाच्या साबणाचा वाळून दगड झालेला तुकडा, चुन्याची डबी, पालीच्या खंडोबाच्या भंडाऱ्याची पुडी, कंगवा, पेन्सिलीचा तुकडा आणि तळहाताएवढी एक वही.

मी इतिहासाचा विद्यार्थी नाही. सहकारी बँकेत कारकुनी करता करता गावोगावची जुनी दप्तरं पाहण्याचा नाद लागला, एवढंच. त्या नादामुळे असेल, पण त्या डब्याकडे पाहताना वाटलं की हेही एक दप्तरच आहे. तेव्हापासून सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यात जुनी मोटार दिसली की मालकाची परवानगी काढून मी तिचा कप्पा उघडून पाहतो. एका गॅरेजातल्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "सर, त्यात काय बघालाय? इंजिन बघा की!" त्यांना तेव्हा देता न आलेलं उत्तर म्हणजे हा लेख आहे.

आधी नावाचं बघू. इंग्रजीत या कप्प्याला हातमोज्यांची पेटी म्हणतात. सुरुवातीच्या मोटारी उघड्या असत. थंडी, धूळ आणि इंजिनाचं तेल यांपासून हात वाचवायला चालवणारे कातडी हातमोजे घालत आणि ते ठेवायला जागा लागे. डोरोथी लेव्हिट या इंग्लिश मोटारचालक बाईंनी १९०९ मध्ये स्त्रियांसाठी मोटारीवर एक पुस्तक लिहिलं. त्यात आसनाखालच्या छोट्या खणात बाईनं काय काय ठेवावं हे त्या सांगतात. हातमोजे त्यात आहेतच, शिवाय हातआरसा आहे. मागून कोण येतंय ते चालवता चालवता पाहायला तो वापरावा, असं त्यांनी सुचवलं होतं. गाडीला मागचा आरसा बसण्याच्या कितीतरी आधीची ही सूचना. पुढे तो खण आसनाखालून चालकासमोरच्या फळीत आला.

त्या फळीचं नाव डॅशबोर्ड. हा शब्दही मोटारीच्या आधीचा आहे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून बग्गीला पुढे जी आडवी फळी लावत, ती डॅशबोर्ड. आपल्याकडच्या ड्रायव्हरांनी हातमोजे कधी घातले नाहीत, त्यामुळे 'ग्लव्ह बॉक्स' हे नाव फक्त कंपनीच्या पुस्तकात राहिलं. "लायटर कुठाय?" "डॅशबोर्डमध्ये बघ." आपण आख्ख्या फळीचं नाव तिच्यातल्या कप्प्याला देऊन टाकलं.

वाहनावर अडीअडचणीची पेटी ठेवण्याची रीत मात्र आपल्याकडे जुनीच. बैलगाडीच्या खाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असे. टांगेवाल्याच्या बैठकीखाली खोका असे, त्यात खरारा, दोरी, जोडीला स्वतःची भाकरी. म्हणजे जनावराचं सामान आणि माणसाचं सामान एकाच जागी. मोटार आली तेव्हा त्यात तिसरी गोष्ट वाढली, ती म्हणजे सरकारचा कागद.

जुन्या मोटारीच्या कप्प्यात मला हे तीन थर दिसतात: कायद्याचा, यंत्राचा आणि ड्रायव्हरचा. कागद मालकाचे, पार्ट गाडीचे आणि उरलेलं ड्रायव्हरचं. १९९८ च्या त्या रविवारी अण्णांनी नेमकी हीच वाटणी केली होती.

कायद्याचा थर हळूहळू जाड होत गेला. १९१४ च्या कायद्यानं लायसन आणि नोंदणी आणली. १९३९ चा मोटार वाहन कायदा आला आणि त्यातलं विम्याचं प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झालं. गाडीखाली सापडणाऱ्या तिऱ्हाइतासाठी विमा काढणं तेव्हापासून सक्तीचं आहे. १९५८ चा मुंबई मोटार वाहन कर कायदा आला, त्याच्या पावत्या आल्या. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला, त्याच्या नियमांबरोबर धुराचं प्रमाणपत्र आलं. प्रत्येक कायद्यानं कप्प्यात एक कागद वाढवला.

या कागदांत इतिहास पुष्कळ सापडतो. तासगावच्या एका मालकाच्या जुन्या विम्याच्या कागदावर पत्ता आहे 'जिल्हा दक्षिण सातारा'. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याची वाटणी होऊन हा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. मधल्या अकरा वर्षांचं ते नाव आता म्हाताऱ्यांच्याही तोंडी येत नाही, पण त्या पिवळ्या कागदावर ते शाबूत आहे. आर.सी. बुकात एकामागून एक मालकांची नावं असतात. बँकेचा बोजा चढल्याचा आणि उतरल्याचा शिक्का असतो. गाडी कुणी घेतली, कर्जावर घेतली का, कधी फेडलं, कुणाला विकली, हे सगळं त्यात मिळतं. मिळत नाही ते एकच नाव. तीस वर्षं ती गाडी ज्यानं चालवली त्याचं. आर.सी. बुकात ड्रायव्हरसाठी रकानाच नाही. त्याचं लायसन त्याच्या शर्टाच्या खिशात असतं आणि संध्याकाळी ते त्याच्याबरोबर घरी जातं.

दुसरा थर यंत्राचा. तो समजायला गाड्या समजून घ्याव्या लागतात. सांगलीच्या विश्रामबागेतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे, त्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला. इटलीच्या फियाटशी करार करून तिथे ज्या गाड्या बनू लागल्या, त्यांतली फियाट ११०० आपल्याकडच्या डॉक्टर, वकील, व्यापाऱ्यांची गाडी झाली. १९७४ च्या सुमारास तिचंच नाव पद्मिनी झालं, तरी लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणत. दुसरी बंगालमधल्या उत्तरपाड्याची ॲम्बॅसॅडर, १९५७ पासूनची, ती पुढारी आणि साहेबांची. तिसरी महिंद्रांची जीप, ती साखर कारखाने, बांधकाम खातं आणि निवडणुकांची.

या तिन्ही गाड्या वाटेत बंद पडत, आणि ज्या माणसाला त्या समजत त्याच्या हातानं वाटेतच चालूही होत. अण्णांच्या डब्यातली प्रत्येक वस्तू म्हणजे अशा एका बंद पडण्याचा पुरावा आहे. पॉइंटची टोकं जळून काळी पडली की ठिणगी नीट पडत नाही. मग ती काडेपेटीच्या गुलावर घासायची. फ्यूज गेला आणि दुसरा नसला तर सिगरेटच्या चांदीची घडी गुंडाळायची. हे धोक्याचं होतं, तार जळू शकते, पण रात्री दिव्याशिवाय घाट उतरण्यापेक्षा बरं असं ड्रायव्हर म्हणत. पेट्रोलच्या टाकीला बारीक भोक पडलं तर ओला साबण चोळून बसवायचा, गॅरेज येईपर्यंत तो धरतो. पावसात वायपर बंद पडला तर तंबाखूची चिमूट काचेवर चोळायची, पाण्याचे थेंब न थांबता वाहून जातात.

सगळ्यात साधी वस्तू म्हणजे फडकं. पुण्याला जाताना उन्हाळ्यात खंबाटकी घाटात जुन्या फियाटी रांगेनं उभ्या दिसत, हे माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. इंजिन तापलं की पंपाजवळच्या नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप पेट्रोल ओढू शकतो, वाफ नाही. गाडी थांबते. अशा वेळी फडकं पाण्यात बुडवून पंपावर ठेवायचं आणि थांबायचं. पेट्रोल पुन्हा पातळ झालं की गाडी चालू. लहानपणी एकदा अण्णांबरोबर रिकाम्या गाडीतून पुण्याहून येताना मी हे पाहिलंय. ते बॉनेट उघडून शेजारच्या दगडावर बसले आणि चुना मळत म्हणाले, "तिला दम खाऊ दे."

तिसरा थर ड्रायव्हरचा. यात देव असतो. वर डॅशबोर्डावर चिकटवलेला गणपती मालकाच्या आवडीचा असतो, आतली पुडी मात्र ड्रायव्हरच्या कुलदैवताची. पालीचा भंडारा, जोतिबाचा गुलाल, नरसोबाच्या वाडीचा अंगारा. यात खाणं असतं: सुपारी, तंबाखू, लिमलेटची गोळी. घाटात मालकाच्या मुलांना उलट्या होतात म्हणून आवळासुपारी असते. हळदीची पुडी असते. हळदीच्या बाजारपेठेतल्या ड्रायव्हरला कापलं-खरचटलं तर दुसरं काय सुचणार? नंतरच्या गाड्यांत कॅसेटी सापडतात. मालक मागे बसला असताना लागायच्या त्या वेगळ्या आणि एकट्यानं वाट पाहताना लागायच्या त्या वेगळ्या.

वाट पाहणं. ड्रायव्हरच्या कामाचा हा भाग आपण मोजतच नाही. आणि इथे मी डब्यातल्या वहीकडे येतो.

वहीत पट्टीनं आखलेले रकाने आहेत: तारीख, गाव, मीटर, थांबलो, मुक्काम, जेवण. पहिली नोंद १९८१ ची, शेवटची १९९० ची. फक्त बाहेरगावच्या खेपा आहेत. एक पान मी बेरीज करून पाहिलं, मार्च १९८३ चं. त्या महिन्यात बाहेरगावी गाडी चालली ४१ तास आणि अण्णा गाडीत किंवा गाडीजवळ थांबले ९६ तास. पुण्यात एका लग्नाच्या दिवशी 'थांबलो' खाली लिहिलंय, 'सकाळी १० ते रात्री १'. त्या पानावर मुक्कामाच्या रात्री सहा आहेत. दोघींपुढे बरोबरची खूण आहे, चौघींपुढे काही नाही.

खूण म्हणजे भत्ता मिळाला. हे आईनं सांगितलं. बाहेरगावी मुक्काम पडला तर जेवणाचे आणि रात्रीचे पैसे द्यायचे, असं सुरुवातीला ठरलं होतं. मी विचारलं, "मग बाकीचे?" आई म्हणाली, "मागितले असते तर दिले असते रे त्यांनी. पण ह्यांनी मागितलेच नाहीत."

मला डॉक्टरांना दोष द्यायचा नाही. माझ्या दहावीच्या वर्षीची पुस्तकं त्यांनी घेऊन दिली होती, अण्णांच्या आजारपणात पैसे घेतले नव्हते. पण मग प्रश्न उरतो: ज्याला मागायचं नव्हतं, त्यानं नऊ वर्षं रकाने आखून लिहिलं कशासाठी?

याचं उत्तर मला दुसऱ्याच एका कप्प्यात मिळालं. माझे मामा जिल्हा परिषदेच्या जीपवर ड्रायव्हर होते. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, त्यांच्याबरोबर जीपगाड्या आल्या आणि प्रत्येक सरकारी गाडीत असतं तसं लॉगबुक आलं. मामांनी जपून ठेवलेलं एक जुनं लॉगबुक मी मागून घेतलं. तारीख, निघताना मीटर, पोचल्यावर मीटर, कुठून कुठे, काम काय, ड्रायव्हरचं नाव आणि शेवटी साहेबांची सही. अण्णांच्या वहीतले रकाने तिथूनच आले होते. अण्णांनी दोन रकाने स्वतःचे वाढवले, 'थांबलो' आणि 'जेवण', आणि एक गाळला. सहीचा. सही करणारं त्यांना कुणी नव्हतं.

कायद्याचंही तसंच होतं. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा ड्रायव्हरच्या कामाला दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालत होता. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक धंद्याला लागू होता. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस.टी. धावली. त्या एस.टी.च्या ड्रायव्हरला ड्यूटी होती, जादा तास होते, संघटना होती. जीपच्या ड्रायव्हरला लॉगबुक होतं. एका घरच्या एका गाडीवरच्या एकट्या ड्रायव्हरला यातलं काहीच नव्हतं. त्यानं किती तास काम केलं याची नोंद ठेवण्याची जबाबदारी कुठल्याही कायद्यानं कुणावर टाकली नव्हती. ती अण्णांनी स्वतःवर घेतली. पैशासाठी नसेल, तर आपलं काम झालं याचा कुठेतरी कागद असावा यासाठी. ती वही ठेवायची जागाही विचार करण्यासारखी आहे. घरी नाही, खिशात नाही, तर गाडीत, मालकाच्या कागदांच्या खाली. डॉक्टरांनी कधीही कप्पा उघडला असता तर ती त्यांच्या हाताला लागली असती.

अशा आणखी वह्या असतील का, या प्रश्नानं मी गेली काही वर्षं फिरतो आहे. दोन मिळाल्या. एक कराडच्या ॲम्बॅसॅडरमधली, तिच्यात फक्त पेट्रोल आणि हवेचा हिशोब आहे. दुसरी मिरजेच्या एका टूरिस्ट गाडीतली, गिऱ्हाइकांच्या नावानिशी. 'थांबलो' असा रकाना दुसरीकडे कुठे दिसला नाही.

शोध अवघड होत चालला आहे, त्याची कारणं तीन.

पहिलं कारण, आपला महापूर. २००५ च्या पुरात हरिपूरची हळदीची पेवं गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. जमिनीच्या पोटात वर्षानुवर्षं हळद कोरडी ठेवणारी ती युक्ती पाण्यापुढे चालली नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. त्यात गॅरेजांतल्या आणि दारातल्या किती गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर मी काही कप्पे उघडले. झाकण ओढलं की आधी गाळ यायचा. कागदांचा लगदा, कॅसेटींत चिखल, भंडाऱ्याचा पिवळा डाग. प्लॅस्टिकची नवी आर.सी. कार्डं तेवढी धुऊन वापरता आली. म्हणजे पुरातूनही मालकाचं नाव वाचलं, बाकीचं गेलं.

दुसरं कारण, मोडीत जाणाऱ्या गाड्या. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं, ॲम्बॅसॅडरचं २०१४ मध्ये. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले. गाड्यांचे फोटो येतात, कप्पे तसेच भंगारात जातात. केंद्र सरकारचं गाड्या मोडीत काढण्याचं धोरण २०२१ चं. जुन्या गाड्या धूर ओकतात, त्या जायला हव्यातच, याबद्दल माझी तक्रार नाही.

तिसरं कारण, कप्पा आता रिकामाच असतो. २०१८ पासून लायसन आणि आर.सी. मोबाइलमध्ये दाखवली तरी चालते. टोलची पावती फास्टॅगनं संपवली. नव्या इंजिनात पॉइंट नाही, कंडेन्सर नाही, आणि बिघाड शोधायला संगणक लागतो. कायद्याचा थर गेला, यंत्राचाही गेला. उरला तो ड्रायव्हरचा. त्याची गोळ्यांची पट्टी, चार्जरची वायर, देवाची पुडी. नोंदी असतील तर त्याही आता फोनमध्ये. फोन बदलला की त्या जातील.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. आपल्या किंवा ओळखीच्या घरी जुनी गाडी असेल आणि ती विकायची किंवा मोडीत घालायची ठरली असेल, तर त्याआधी पाच मिनिटं तिचा कप्पा उघडा. जे सापडेल ते आहे त्या क्रमानं कागदावर लिहा: वर काय होतं, खाली काय होतं. गाडी कुठल्या सालची, कुणाची, हे लिहा. आणि ती कोण चालवत होतं, त्या माणसाचं पूर्ण नाव लिहा. पूर्ण नाव घरात कुणाला आठवत नाही, असा अनुभव येईल. मला अनेक घरांत आला. 'आमचे ड्रायव्हरकाका' यापुढे माहिती जात नाही. तो माणूस हयात असेल तर त्याला विचारा. नसेल तर त्याच्या घरी जा, तिथेही एखादा डबा असू शकतो.

गॅरेजवाले मिस्त्री आता मला 'सर, त्यात काय बघालाय' असं विचारत नाहीत. गाडी तोडायला काढली की फोन करतात. गेल्या महिन्यात असाच फोन आला, "ॲम्बॅसॅडर आहे, कप्पा जाम झालाय, तुम्ही आल्यावर उघडतो." पान्यानं झाकण उचकटलं. आत तीन प्लग होते, एका लग्नाची पत्रिका होती आणि पत्रिकेच्या मागे पेन्सिलीनं आकडे लिहिलेले होते. मीटरचे असावेत. मी ते उतरवून घेतले आणि गाडी कोण चालवायचं ते विचारायला मालकाच्या घरी गेलो.